खुलासा : ‘पोर्टल २’ म्हणजे लांबवलेला पहिला भाग नव्हे

‘पोर्टल २ (२०११) हा व्हिडिओ गेम म्हणजे २००७ च्या पोर्टलचीच कोडी, फक्त गोष्ट मोठी,’ असे सध्या फिरते आहे. ते चूक आहे. पोर्टल गन, म्हणजे भिंतींवर एकमेकांना जोडलेली दोन दारे (पोर्टल) उघडणारी बंदूक, तीच, हे मान्य. पण पहिल्या भागातले, यंत्रे चालू करणारे उसळते ऊर्जागोळे जाऊन त्या कामाला लेझर आले. गोळ्याची वेळ साधावी लागे. लेझर अखंड असतो, म्हणून विचार दिशेचा करावा लागतो. भिंती-जमिनीवर पसरवायची रंगीत जेल (घट्ट द्रव) हीही नवी: निळे जेल उसळी देते, नारिंगी वेग. पांढरे तर जिथे पोर्टल उघडतच नाही, तिथेही ते उघडू देते. भिंतीच बदलणारी ही कल्पना मला सर्वांत मोलाची वाटते. शिवाय दोघांसाठी स्वतंत्र मोहीम आहे: दोन रोबो, चार पोर्टल, आणि एकट्याला न सुटणारी कोडी.