जिभेखालच्या थेंबांनी ‘तीन महिन्यांत ऍलर्जी गायब’? नाही

‘जिभेखाली थेंब ठेवा. कुठलीही ऍलर्जी तीन महिन्यांत मुळापासून जाते, साइड इफेक्ट शून्य, इंजेक्शनपेक्षा सुरक्षित, घरीच सुरू करा’ असा मेसेज जोरात फिरतो आहे. उपचार खरा आहे: ज्याची ऍलर्जी आहे तोच पदार्थ (ऍलर्जन) थेंब किंवा गोळीतून जिभेखाली थोडा थोडा देऊन शरीराला त्याची सवय लावतात. पण या मेसेजच्या भरवशावर तो घेतला तर फसणार.

‘कुठलीही ऍलर्जी’: भक्कम पुरावा आहे तो मुख्यतः नाक-डोळ्यांच्या ऍलर्जीसाठी, तोही धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव), गवताचे पराग अशा मोजक्या कारणांवर. आधी प्रिक टेस्ट (त्वचेवर टोचून ऍलर्जी पाहणं) किंवा रक्तातली स्पेसिफिक आयजीई (त्या ऍलर्जीची प्रतिपिंडं) तपासणी हवी आणि तिचा निकाल त्रासाशी जुळायला हवा. टेस्ट माइटची पॉझिटिव्ह, पण शिंका फक्त परागांच्या हंगामात येतात, तर माइटचा डोस घेऊन काय साधणार?

‘तीन महिने’: रोज एक डोस, साधारण तीन वर्षं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गवताच्या गोळ्या दोन वर्षं घेऊन बंद केल्या. वर्षभरानंतर औषध घेतलेल्यांत आणि नुसत्या दिखाऊ गोळ्या घेतलेल्यांत लक्षणीय फरक उरला नव्हता. तीन महिन्यांत बरं वाटलं म्हणून सोडणाऱ्यांचं नेमकं इथेच चुकतं.

‘साइड इफेक्ट शून्य’: सुरुवातीला तोंडात खाज, ओठ-जिभेला थोडी सूज, घशात खवखव बऱ्याच जणांना होते, बहुधा काही आठवड्यांत ती ओसरते. इंजेक्शनपेक्षा गंभीर रिॲक्शन कमी, हे मेसेजमधलं एकमेव खरं वाक्य. कमी म्हणजे शून्य नव्हे, म्हणून पहिला डोस दवाखान्यातच घ्यायचा आणि अर्धा तास तिथेच थांबायचं. दमा आटोक्यात नसेल किंवा अन्ननलिकेचा इओसिनोफिलिक दाह (ऍलर्जीशी निगडित पांढऱ्या पेशी साचून येणारी सूज) असेल, तर हा उपचार नको. बीटा ब्लॉकर (रक्तदाब किंवा हृदयासाठीचं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गंभीर रिॲक्शन आली तर तातडीने देतात त्या ॲड्रेनालिनचा असर या औषधाने कमी होऊ शकतो. दात काढला असेल किंवा तोंडात जखम असेल, तर ती भरेपर्यंत डोस थांबवतात.

पद्धतही मेसेजमध्ये नाही. गोळी कोरड्या हाताने जिभेखाली ठेवा, किमान एक मिनिट गिळू नका, पुढची पाच मिनिटं खाणंपिणं नको. थेंब साधारण दोन मिनिटं धरून ठेवतात. तोंडाच्या अस्तरातल्या पेशींनी ऍलर्जन टिपायला हवं. लगेच गिळलं तर ते पोटात पचून जातं.

आठवड्याहून जास्त खंड पडला तर डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरू करा. नियमित घेऊनही वर्षभरात काहीच फरक नसेल, तर निदान पुन्हा तपासून घ्या.