छोट्या इंजिनासाठी वर्गणी कशाला? मोतीबागच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

जुन्या बंगाल नागपूर रेल्वेच्या सीसी वर्गाच्या नॅरोगेज (अरुंद रुळांवरच्या) वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल शंभर जणांनी मिळून पैसे उभे करून बनवून घ्यावं, असा लेख मी लिहिला होता. त्यावर तुम्ही लिहिलंत: 'लोकायचे पैसे घेऊन वीस हजाराचं खेळणं बनवून राहिले. वाफ नाही, कोळसा नाही, अन् म्हणे इंजिन. हौस आहे तर आपल्या खिशातून करा. थ्रीडी प्रिंटरवर दोन हजारात निघते. चिटफंडासारखे पैसे बुडाले तर लोकांनी कोणाच्या दारात जायचं? तिकडे खरी इंजिनं उन्हापावसात उभी आहेत, त्यांच्यासाठी जमवा वर्गणी.' आणि खाली, तरुणपणी तुम्ही नागपुरातल्या मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपात वाफेच्या इंजिनांवर काम केलंय, हेही.

त्या शेवटच्या ओळीमुळे चार ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटेना. ज्यांनी खऱ्या इंजिनाला हात लावलाय त्यांनी याला खेळणं म्हटलं, तर त्यांना सविस्तर उत्तर दिलंच पाहिजे.

आधी 'आपल्या खिशातून करा' याबद्दल. हा मुद्दा मानापमानाचा नाही, हिशेबाचा आहे, म्हणून आकडेच मांडतो. या मॉडेलचा खर्च दोन तऱ्हेचा आहे. एक खर्च इंजिन एक बनवा नाहीतर शंभर, तेवढाच येतो: आरेखन, पितळी पत्र्याच्या एचिंगची (रसायनाने पत्रा खाऊन आकार काढण्याची) फिल्म, चिमणी-डोम-सिलिंडर यांचे मास्टर (मूळ नमुने) आणि साचे, जुळणीचे जिग (भाग नेमक्या जागी धरून ठेवणारे साचे). माझ्या अंदाजाने हे सगळं ९ लाखांच्या घरात जातं. दुसरा खर्च प्रत्येक नगामागे: मोटर, गिअर, चाकं, पत्रा, रंग, मजुरी मिळून साधारण ११ हजार. आता भागाकार करा. शंभर जण असतील तर ९ हजार अधिक ११ हजार, म्हणजे वीस हजार. तीसच जण असतील तर एका नगाला ४१ हजार. आणि मी एकट्याने केलं तर ९ लाख ११ हजारांचं एकच इंजिन माझ्या कपाटात. खिशात हात घालायला माझी ना नाही. शंभरातलं पहिलं नाव माझंच आहे. पण पहिला खर्च वाटून घेतल्याशिवाय हे इंजिन कोणाच्याच घरी येणार नाही.

मोठी कंपनी हे कधी करेल, अशी वाट बघण्यातही अर्थ नाही. दार्जिलिंगच्या बी वर्गाच्या इंजिनाचं वाफेवर चालणारं मॉडेल इंग्लंडच्या राउंडहाउस कंपनीने काढलं, कारण दार्जिलिंगची गाडी जगाला माहीत आहे. १९९९ मध्ये तिला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, पुढे २००५ मध्ये निलगिरीला आणि २००८ मध्ये कालका-सिमल्याला. आपल्या सातपुड्याच्या नॅरोगेजच्या वाट्याला असं काही आलं नाही. गोंदिया-नैनपूर-जबलपूर, नागपूर-छिंदवाडा, नागपूर-नागभीड, केवढं जाळं होतं! २०१५ मध्ये छिंदवाड्याची छोटी गाडी थांबली, २०१९ मध्ये नागभीडची. सावनेर, सौंसर, उमरेड, भिवापूर इथल्या दोन-तीन पिढ्या त्या डब्यांत बसून कॉलेजला, कोर्टात, लग्नाला गेल्या. बाहेरच्या बाजारात या इंजिनाला गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक आपणच आहोत, आणि विखुरलेले आहोत. आधी माणसं मोजायची आणि मग साचा घालायचा, हा क्रम त्यातूनच येतो.

आता वाफेचं. तुमचा हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो. खऱ्या वाफेवर चालणारी छोटी इंजिनं बनतात. पण त्यांना तांब्याचा, चांदीच्या डाकाने जोडलेला बॉयलर लागतो, सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो, कामाच्या दाबापेक्षा बराच जास्त दाब देऊन पाण्याने त्याची परीक्षा घ्यावी लागते. तेवढा बॉयलर मावायचा तर इंजिनही मोठं हवं, अंगणातल्या रुळावर चालणारं. आम्ही धरलंय १:४८ हे माप. रूळ बाजारात सहज मिळणारे, दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असलेले. आपला नॅरोगेज ७६२ मिलिमीटरचा, त्याला ४८ ने भागलं की पावणेसोळाच्या थोडं वर येतं. फरक जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा, डोळ्याला कळत नाही. हॉर्नबी या ब्रिटिश मॉडेल कंपनीने २००३ मध्ये याहून लहान मापात मॅलार्ड नावाच्या इंजिनाचं मॉडेल खऱ्या वाफेवर चालवून दाखवलं, पण तिथेही पाणी तापवायला वीज रुळांतूनच घ्यावी लागली. घरातल्या टेबलावर, नातवंडांच्या समोर चालवायच्या इंजिनात मला विजेची मोटरच हवी.

पण मोटर आहे म्हणून ते खेळणं ठरत नाही. का नाही, हे सांगायला एकच भाग घेतो, जो तुमच्या हातून शेकडो वेळा गेला असेल: चाकांची जुळणी.

सीसी हे पॅसिफिक मांडणीचं इंजिन. पुढे चार लहान चाकं, मध्ये सहा चालवणारी, मागे दोन. मधल्या सहा चाकांना साइड रॉड (चाकं एकत्र फिरवणारे आडवे दांडे) जोडतात. एका बाजूचा क्रँक (चाकावर रॉडची पिन बसते तो भाग) दुसऱ्या बाजूच्या क्रँकशी काटकोनात बसवतात, म्हणजे एका बाजूचा पिस्टन टोकाला जाऊन अडला तरी दुसरी बाजू ओढत राहते. हे तुम्हाला मी काय सांगावं! पण मॉडेलमध्ये मोटरने एकच अॅक्सल (समोरासमोरची दोन चाकं जोडणारा आस) फिरतो आणि बाकीचे दोन त्या रॉडच्या जोरावर फिरतात, त्यामुळे काटकोनाची गरज इथेही तेवढीच. त्यात एक बारीक गोष्ट आहे, नवख्या माणसाला ती पटत नाही. कोन बरोबर ९० अंशांचा नसला तरी चालतं, तो ८९ असो की ९१. पण तिन्ही अॅक्सलवर तो एकसारखाच हवा. समजा क्रँक पिन चाकाच्या मध्यापासून ५ मिलिमीटरवर आहे. एका अॅक्सलची जोडी इतरांपेक्षा एकाच अंशाने फिरलेली असली, तर ती पिन जवळपास ०.०९ मिलिमीटर सरकते. रॉडच्या भोकात आणि पिनमध्ये एवढ्या मापात ढील साधारण ०.१ मिलिमीटर. म्हणजे एका अंशात जागा संपली. दीड अंश चुकला की इंजिन प्रत्येक फेऱ्यात अडखळतं, लंगडतं, मोटर तापते. भोक मोठं करून भागवलं तर रॉड खडखडतात आणि चाल कायमची बिघडते.

हे डोळ्याने जुळत नाही. त्याला पोलादी जिग लागतो. त्यात चाक, अॅक्सल आणि दोन्ही पिना एकाच जागी धरून चाक दाबून बसवतात, आणि तिन्ही जोड्या त्याच जिगमधून काढतात. हा जिग हिंगण्याच्या एमआयडीसीत एखाद्या चांगल्या टर्नरकडून करून घेता येईल. पण तो एका इंजिनासाठी करा नाहीतर शंभरासाठी, पैसे तेवढेच. मी वर जे ९ लाख म्हटले ते अशाच गोष्टींत जातात, ज्या गिऱ्हाइकाला कधी दिसत नाहीत आणि ज्यांच्याशिवाय इंजिन चालत नाही.

थ्रीडी प्रिंटरचा मुद्दा लवकर आटोपतो. दोन हजारात निघतं ते आकार दाखवणारं, कपाटात ठेवायचं. घरगुती प्रिंटरवर वापरतात ते पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ते ठेवून बघा, फ्रेम वाकडी व्हायला वेळ लागणार नाही. शिवाय वजन नाही, आणि वजन नसलं की चाकं रुळावर घसरतात, मागे डबे ओढले जात नाहीत. प्रिंटर आम्ही वापरणारच आहोत, पण साच्याचा मास्टर काढायला. चिमणी, डोम, सेफ्टी व्हॉल्व्ह हे भाग मेणात किंवा रेझिनमध्ये छापायचे, सराफाच्या कास्टिंगच्या पद्धतीने मेण वितळवून त्या जागी पितळ ओतायचं. केबिन आणि टेंडरचे (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याचे) पत्रे एचिंगने. त्यात रिव्हेटच्या जागी पत्रा मागून अर्धाच खाल्लेला असतो आणि तिथे सुईने टोचलं की पुढून रिव्हेटचं डोकं उठतं. टेंडरच्या एका बाजूवर अशा रिव्हेटच्या रांगाच्या रांगा. ते काम हाताने करणारी माणसं या शहरात आहेत, आणि त्यांना त्याचे पूर्ण पैसे मिळावेत असं मला वाटतं. वीस हजारातला मोठा वाटा तोच आहे.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा, पैसे बुडण्याचा. तुमची भीती खरी आहे आणि ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. ब्रिटनमध्ये २०१९ साली एक मॉडेल कंपनी गुंडाळली गेली. लोकांकडून आधी पैसे घेऊन मॉडेलं काढायची तिची पद्धत होती, आणि पैसे भरलेल्या अनेकांच्या हाती काही लागलं नाही. त्याच देशात याच पद्धतीने एन मापातली (मॉडेलच्या एका लहान मापातली) पेंडोलिनो गाडीची मॉडेलं तयार होऊन लोकांच्या घरी पोचली. आणि मॉडेलचं सोडा, खरं वाफेचं इंजिन लोकांनी पैसे जमवून उभं केलंय. ब्रिटनमधलंच, टोर्नाडो नावाचं. ते ज्या वर्गाचं आहे त्या वर्गाची ४९ च्या ४९ जुनी इंजिनं १९६६ पर्यंत भंगारात गेली होती. १९९० मध्ये लोकांनी संस्था काढली, 'आठवड्याला एका बिअरचे पैसे द्या' असं आवाहन केलं, आणि २००८ मध्ये डार्लिंग्टनला पन्नासावं इंजिन, जवळपास ३० लाख पौंड खर्चून, वाफेवर उभं राहिलं. मला यातून कळतं ते असं: पैसे कामाच्या टप्प्याटप्प्याने सोडायचे आणि देणाऱ्याला दर टप्प्यावर काम डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

म्हणून आमचे नियम असे ठेवलेत. शंभर नावं होईपर्यंत कोणाकडूनही एक रुपया घ्यायचा नाही, फक्त नाव. ऐंशीवर अडलं तर हिशेब पुन्हा मांडायचा (२२ हजार २५० रुपये येतात) आणि त्या ऐंशी जणांनाच विचारायचं. शंभर झाले की प्रत्येकी २ हजार, त्यातून आरेखन, जिग आणि एक चालतं नमुना-इंजिन. हे २ हजार परत मिळणार नाहीत, हे आत्ताच स्पष्ट सांगतो, कारण ते खर्चच होणार आहेत. नमुना नागपुरात टेबलावर, सगळ्यांसमोर, डबे लावून चालवून दाखवायचा. तो पसंत पडला तरच पुढचे १० हजार. उरलेले ८ हजार इंजिन हातात आल्यावर. पैसे वेगळ्या खात्यात, दोघांच्या सहीशिवाय निघणार नाहीत, आणि खर्चाची पावती सगळ्यांना बघायला मिळेल.

चिटफंड हा शब्द मात्र मला मान्य नाही. इथे कोणाला व्याज नाही, नफा नाही, कंपनीत हिस्सा नाही. वस्तूसाठी घेतलेली आगाऊ रक्कम आहे. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यानेही धंद्याच्या ओघात मालासाठी घेतलेला अॅडव्हान्स ठेवीतून वगळला आहे, पण परत करायची वेळ आल्यावर तो अडकवून ठेवला तर ती ठेव ठरते. ती अट योग्यच आहे, आणि आम्ही ती पाळणार.

राहिली खरी इंजिनं. मोतीबागचं संग्रहालय डिसेंबर २००२ पासून आहे, आणि तिथली इंजिनं जपणं हे रेल्वेचं काम आहे. त्यासाठी कोणी पत्र लिहीत असेल, अर्ज देत असेल, तर माझी सही धरा. पण हे दोन पैसे एका खिशातले नाहीत. मॉडेलसाठी वीस हजार बाजूला काढणारा माणूस ते रंगरंगोटीच्या निधीत टाकेलच असं नाही, आणि आमचे सगळे २० लाख मिळूनही खऱ्या बॉयलरचं मोठं काम होणार नाही. उलट बाजूने मदत होऊ शकते. मॉडेलसाठी इंजिनावर टेप लावून जी मापं घ्यावी लागतील, त्यांची आरेखनं आम्ही कोणालाही फुकट देणार आहोत, संग्रहालयालाही. ही इंजिनं बांधणारी ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश कंपनी १९६२ मध्येच बंद झाली. तिच्या कागदांसाठी कुठेकुठे फिरण्यापेक्षा, उद्या कोणाला एखादा तुटलेला भाग घडवायचा असेल तर नागपुरातच मापं मिळावीत.

आणि काका, एक विचारायचं आहे. तुमच्यावेळी साइड रॉडच्या बुशला (रॉडच्या भोकातल्या धातूच्या कड्याला) किती ढील ठेवायचे? घाटातल्या वळणांसाठी मधल्या जोडीला जास्त सोडायचे का, आणि बुश किती झिजला की बदलायचे? फोटोवरून हे कळत नाही आणि उभ्या इंजिनावर मोजताही येत नाही, कारण रॉड वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेले आहेत. जिगचं आरेखन पक्कं करण्याआधी मला हे हवं आहे. इथेच लिहिलंत तरी चालेल, नाहीतर सांगाल तेव्हा मी वही घेऊन घरी येतो.