कर न वाढवणारे गव्हर्नर रेगन: फॉरवर्डमधले आणि खरे

पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रिपब्लिकन नेते रोनाल्ड रेगन कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना त्यांनी करवाढ केली नाही, सरकारी खर्च आटोक्यात आणला, बंदुकीच्या हक्काला हात लावू दिला नाही आणि गर्भपाताला थारा दिला नाही, असा दावा सर्रास फिरतो. आजचे रिपब्लिकन नेते त्यांच्यापुढे कसे लेचेपेचे, हे सांगायला तो वापरतात. दाव्यातला एकही भाग जसाच्या तसा टिकत नाही.

रेगन १९६७ ते १९७५ या पदावर होते. तिकडचा गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा शोभेचा नसतो. तो थेट निवडून येतो आणि विधेयक रोखू शकतो. म्हणून खालच्या कायद्यांवरच्या सह्या त्यांच्या स्वतःच्याच, मग त्या राजीखुशीने केलेल्या असोत की नाइलाजाने.

करांचंच बघा. पदावर आल्याच्या पहिल्याच वर्षी, १९६७ मध्ये, त्यांनी सुमारे एक अब्ज डॉलरच्या करवाढीवर सही केली. तोवर त्या राज्यात एवढी मोठी वाढ झाली नव्हती. आयकराचा वरचा दर ७ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला; विक्रीकर, कंपन्यांवरचा कर, सिगारेट, दारू, काहीच सुटलं नाही. यावर ठरलेलं उत्तर येतं की आधीचे गव्हर्नर पॅट ब्राउन तिजोरी रिकामी करून गेले होते. तूट होती, हे खरंच. सगळ्या खात्यांना सरसकट १० टक्के कात्री लावण्याचा रेगन यांचा बेत फसला आणि शेवटी त्यांनी करदात्याच्या खिशात हात घातला. परिस्थितीने भाग पाडलं म्हणा हवं तर, पण ‘करवाढ केली नाही’ हे कसं म्हणणार? पगारातूनच आयकर कापून घ्यायलाही त्यांचा विरोध होता; आपले पाय याबाबतीत काँक्रीटमध्ये रोवलेत असं ते सांगत. १९७१ मध्ये तीही पद्धत आली आणि काँक्रीटला तडे गेल्याचा विनोद त्यांनी स्वतःच केला. राज्याचा अर्थसंकल्प त्यांच्या आठ वर्षांत दुपटीहून जास्त झाला. त्यात महागाईचा आणि घरमालकांना दिलेल्या मालमत्ता करसवलतीचा वाटा मोठा आहे, तरी ‘खर्च आटोक्यात’ हे शब्द त्याला शोभत नाहीत.

बंदुकांची गोष्ट तर आणखी गमतीची. ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या जहाल पक्षाचे लोक भरलेल्या बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवत फिरायचे. ते थांबवण्यासाठी डॉन मल्फर्ड या रिपब्लिकन आमदाराने विधेयक आणलं. त्याच्या निषेधार्थ २ मे १९६७ रोजी पँथर सशस्त्र राज्याच्या राजधानीतल्या, सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. रस्त्यावर सामान्य नागरिकाला भरलेली बंदूक बाळगायचं कारण दिसत नाही, अशी रेगन यांची तेव्हाची भूमिका. त्याच वर्षी त्यांनी विधेयकावर सही केली आणि सार्वजनिक जागी भरलेली बंदूक बाळगण्यावर बंदी आली.

गर्भपाताचा कायदाही १९६७ चाच. बलात्कारातून किंवा कुटुंबातल्या लैंगिक अत्याचारातून राहिलेला गर्भ, तसंच आईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर धोका असेल तर गर्भपाताला त्याने मुभा दिली. ‘मानसिक आरोग्य’ ही वाट पुढे बरीच रुंद झाली. रेगन यांना पुढे या सहीचा पस्तावा झाला. पण पस्तावा झाला म्हणून सही पुसली जात नाही. दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा अमेरिकेतला पहिला आधुनिक कायदाही त्यांच्याच सहीचा, १९६९ चा.

दाव्यात तथ्याचा अंश आहे तो वेगळ्याच ठिकाणी. विद्यापीठांशी ते कठोर वागले: १९६९ मध्ये बर्कली या विद्यापीठाच्या गावात नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, पाठवलं. १९७१ मध्ये सरकारी मदतीचे निकष कडक केले, तेही डेमोक्रॅट सभापती बॉब मोरेटी यांच्याशी दिवसचे दिवस घासाघीस करून. खर्चावर कायमची मर्यादा घालायचा प्रस्ताव त्यांनी १९७३ मध्ये थेट मतदारांपुढे नेला, स्वतः प्रचार केला. मतदारांनी तो फेटाळला.