कार्बनवाल्या शूजच्या फॉरवर्डला उत्तर

दिवाळीच्या आसपास गोव्याची हाफ आयर्नमॅन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ करायची ट्रायथलॉन शर्यत, जवळ आली की आमच्या संभाजीनगरच्या सायकल ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. यंदा तो लातूर-नांदेडच्या ग्रुपांवरूनही परत आला, म्हणजे अख्खा मराठवाडा पालथा घालून आला. त्याचं म्हणणं असं : कार्बन प्लेटचे (सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी असलेले) शूज घेतले की धावण्याचा वेळ ४ टक्क्यांनी कमी होतो, शूज एक नंबर मोठेच घ्या, ओल्या पायाचा ठसा पाहून प्रकार ठरवा, नवे शूज थेट शर्यतीलाच काढा, आणि मोजे घालूच नका. हे वाचून पोरं हप्त्यावर शूज घ्यायला लागलीत, म्हणून लिहितोय.

आधी ४ टक्क्यांचं बघू. आकडा हवेतला नाही. नायकेच्या व्हेपरफ्लाय या कार्बन प्लेटच्या शूजची कोलोराडो विद्यापीठात चाचणी झाली, २०१७ च्या सुमारास गाजली, तेव्हाचा तो आहे. पण तिथे वाचली ती ऊर्जा, वेळ नव्हे. शिवाय पळणारे होते ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटरचे. आपल्यातले बहुतेक जण सायकलवरून उतरल्यावर ताशी नऊ-दहानेच पळतात, खोटं कशाला बोलायचं! पुढे त्याच जातीचे शूज ताशी १० किलोमीटरला तपासले, तर सरासरी फायदा १ टक्क्याच्या आत आला. काहींना तर उलट जास्तच ताकद लागली.

आता हिशेब करा. ट्रायथलॉनचं ऑलिंपिक अंतर म्हणजे १.५ किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० धावणं. ताशी ९ ने १० किलोमीटरला साधारण ६७ मिनिटं लागतात. त्याचा १ टक्का म्हणजे ४० सेकंद, तेही सगळं जमून आलं तर. हँडल धरून बधिर झालेल्या बोटांनी दोन गाठी मारण्यात माझं जवळजवळ तेवढंच जातं. इलॅस्टिकच्या लेस लावल्या की ते वाचतं, आणि त्या काही शे रुपयांत येतात. ताशी १४ च्या पुढे पळणाऱ्याने कार्बन खुशाल घ्यावा, माझी काही हरकत नाही. मात्र त्या जाड, मऊ सोलवर थकलेला घोटा वळणावर डगमगतो, हे आधी घाटात करून बघा.

एक नंबर मोठे? हे अर्धं खरं आहे. उन्हात दोन-तीन तास सायकल मारली की पाय सुजतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. पण उपाय सरसकट एक नंबर नव्हे. लांबी जास्त झाली की टाच आत वर-खाली होते आणि तिथेच सोलवटते. अंगठ्यापुढे बोटभर जागा आणि टाच घट्ट, एवढं हवं. मी काय करतो सांगू? दौलताबादचा घाट चढून खुलताबादला जाऊन येतो आणि घरी न जाता तसाच दुकानात. घामेजलेला माणूस बघून दुकानदार नाक मुरडतो, पण सुजलेल्या पायाला बसलेला शूज शर्यतीतही बसतो.

ओल्या पायाचा ठसा. शहाबादी फरशीवर उभं राहायचं, पूर्ण तळवा उमटला तर ‘सपाट पाय’, मग टाचेला आधार देणारे कडक शूज. अमेरिकेच्या सैन्याने, हवाई दलाने आणि मरीननी हे हजारो रंगरुटांवर तपासलं. तळव्याच्या आकाराप्रमाणे शूज दिले तरी दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. फरशी पुसून टाका.

नवे शूज थेट शर्यतीला काढायचे, कारण म्हणे फोमची उसळी टिकते. फोम झिजतो हे मान्य. पण दोन-तीन वेळा पळण्याने संपत नाही. त्यातलं एक तरी पळणं सायकलवरून उतरल्या उतरल्या करा. जीभ दुमडते कुठे, शिवण टोचते कुठे, ते तेव्हाच कळतं.

राहिले मोजे. स्प्रिंट म्हणजे छोट्या ट्रायथलॉनच्या ५ किलोमीटर धावण्याला नको असतील तर नका घालू. हाफ आयर्नमॅनच्या २१ किलोमीटरला मात्र माझा अनुभव ऐका. गोव्यात समुद्रात १.९ किलोमीटर पोहून, ९० किलोमीटर सायकल मारून मी बिनमोज्यांचा पळायला लागलो. बोटांच्या बेचक्यात वाळू तशीच होती, सायकलच्या बुटात दिवसभर मळली गेलेली. त्यात डोक्यावर ओतलेलं पाणी ओघळून शूजमध्ये उतरलं. सातव्या किलोमीटरला डाव्या तळव्याच्या खोलगट भागात फोड फुटला, आणि उरलेले १४ किलोमीटर मी पाऊल तिरकं टाकत काढले. उजवा गुडघा पुढे महिनाभर कुरकुरत होता.

आता मोजे आदल्या रात्रीच उलटे गुंडाळून, आत पावडर शिंपडून शूजमध्ये ठेवतो. शेजारी एक जुना पंचा. तळवे पुसायचे, बोटं आत घालायची, मोजा टाचेवर सोडायचा. दोन्ही पायांना मिळून वीसेक सेकंद.