जॅकेट तिकडून आलं, ब्रेक मारणं तिकडेच राहिलं

परदेशातल्या रायडिंगचे व्हिडिओ बघून आपल्याकडे काय काय आलं? गुडघ्याला आर्मर आलं, हेल्मेटवर कॅमेरा आला, रविवारी पहाटे वीस-पंचवीस गाड्यांची रांग लावून घाटापलीकडे मिसळ खायला जाणं आलं. यात वाईट काहीच नाही. पण तिकडचा साधा रायडर जे आधी शिकतो, म्हणजे गाडी थांबवणं आणि गाडी सावकाश चालवणं, ते आणायचं राहूनच गेलं.

ब्रिटनमध्ये सीबीटी नावाचं प्राथमिक प्रशिक्षण पुरं केल्याशिवाय शिकाऊ माणसाला १२५ सीसीची गाडीसुद्धा रस्त्यावर आणता येत नाही. पुढे मैदानातल्या परीक्षेत ताशी किमान ५० किमी वेग गाठायचा आणि परीक्षकाने खूण करताच गाडी ताब्यात ठेवून थांबवायची. त्याच वेगाला अडथळा चुकवूनही दाखवायचा. वेग यंत्राने मोजतात, 'चालतंय' म्हणून सोडत नाहीत. इतकं करून १९व्या वर्षी मिळतं ते ३५ किलोवॅट, म्हणजे साधारण ४७ बीएचपीपर्यंत ताकदीच्या गाडीचं लायसन्स. थेट मोठ्या गाडीची परीक्षा द्यायची तर वय २४ हवं. आपल्याकडे अठरा पूर्ण झाली आणि पाय न टेकता आठ काढला, की शंभर सीसी आणि हजार सीसी एकाच लायसन्सवर.

जपानची परीक्षा आणखी मजेशीर आहे. १५ मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच पट्टीवरून गाडी न्यायची, तीही हळू. ४०० सीसीपर्यंतच्या लायसन्सला किमान ७ सेकंद, त्यावरच्याला किमान १०. चाक पट्टीवरून उतरलं की नापास. यात सगळा खेळ हाफ क्लच, थोडा कायम थ्रॉटल आणि मागच्या ब्रेकचा हलका दाब यांचा असतो. घाटातल्या यू वळणात, डबलसीट आणि सामान घेऊन ट्रकमागे रखडताना जे आडवे होतात, त्यांना नेमकं हेच येत नसतं. ते पुढचा ब्रेक धरतात, हँडल वळलेलं असतं, गाडी जागच्या जागी कलंडते. पार्किंगमध्ये खडूच्या दोन रेघा मारून हा सराव फुकटात होतो.

आता पुढच्या ब्रेकबद्दल. "पुढचा दाबू नकोस, तोंडावर पडशील" हे ऐकतच पिढ्यान् पिढ्या आपण गाडी शिकलो. पण ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं, पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. हलक्या चाकावर सगळा जोर टाकला तर ते लॉक होऊन, म्हणजे फिरायचं थांबून, घसरणारच. पुढच्या ब्रेकने माणसं पडतात ती लिव्हर एकदम आवळल्यामुळे, म्हणजे वजन पुढे यायच्या आत. नाहीतर खडीवर किंवा हँडल वळलेलं असताना.

सराव असा करावा. रिकामं, सपाट, कोरडं डांबर. ताशी ३० पासून सुरुवात. हँडल सरळ, नजर लांब समोर. लिव्हरचा मोकळा खेळ आधी घ्यायचा, फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉक, खाली बसल्याचं जाणवलं की मग जोर वाढवत न्यायचा. मागच्या ब्रेकवर पाय हलका, क्लच अगदी शेवटी. हात बसला की ४०, मग ५०. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासूनचं अंतर चौपट होतं, हे मैदानात डोळ्यांनी दिसतं. एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर लिव्हर बोटांखाली थरथरते. दचकून सोडायची नाही. सिंगल चॅनल एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं लॉक होऊ शकतं. आणि छोट्या गाड्यांतलं सीबीएस दोन्ही चाकांना ब्रेक वाटून देतं, चाक लॉक होणं थांबवत नाही. शोरूममध्ये हा फरक क्वचितच कोणी सांगतं.

तिकडचं सगळंच उचलू नये, हेही तितकंच खरं. डावीकडच्या वळणावर मध्यरेषेकडे सरकलं की पुढचं लवकर दिसतं, असं ब्रिटिश प्रशिक्षक शिकवतात. वरंधा घाटात त्याच जागेवर समोरून एसटीचं नाक येतं. इथे डावीकडेच राहावं आणि पुढचं जेवढं कमी दिसतं तेवढा वेग कमी करावा. अमेरिकन व्हिडिओ तर आरशात बघितल्यासारखे उलटे करून घ्यावे लागतात. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर मात्र घ्याच. त्यात रिक्षा शिरते, तर शिरू द्या आणि परत दोन सेकंद मागे व्हा.

गाड्यांच्या रांगांतून बाइक काढणं आपणच करतो असंही नाही. कॅलिफोर्नियाने २०१६ साली त्याला कायद्यात जागा दिली. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने २०१४ मध्ये परवानगी दिली, पण ताशी ३० किमीच्या आत आणि फुटपाथच्या कडेने मुळीच नाही. ही दुसरी अट आपल्याला जास्त लागू पडते, कारण बसच्या डावीकडून घुसायची आपली सवय, आणि प्रवासी उतरतात तेही डावीकडेच.

हेल्मेटबद्दल थोडक्यात: मागच्या माणसालाही सक्ती आहे, आणि कायद्यात १००० रुपये दंडासोबत तीन महिने लायसन्स रद्द होण्याची तरतूद आहे. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या आपटीतच डोक्यावरून निघून जातं.

ग्रुप राइडमध्ये नवख्याला सगळ्यात मागे ठेवायची आपली रीत तेवढी ताबडतोब बदला. पुढच्याने थोडा वेग वाढवला की शेवटच्याला अंतर भरून काढायला सगळ्यांपेक्षा जोरात पळवावी लागते. नवख्याला लीडरच्या मागे दुसऱ्या नंबरवर घ्या आणि सगळ्यात अनुभवी माणूस पंक्चर किट देऊन शेवटी ठेवा.