रोज साठ हजारची पुडी घ्या म्हणणाऱ्यांना

माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सत्तर फुल्या आहेत. सकाळच्या दुधात व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी ढवळली की ती त्या तारखेवर फुली मारायची. एक दिवस चुकवला नाही. डॉक्टरांनी आठवड्याला एक अशा आठच पुड्या लिहून दिल्या होत्या. मध्येच सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि आठवड्याची पुडी रोजची झाली.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: व्हिटॅमिन डी हे पांढऱ्या पेशींचं इंधन आहे, जितकं जास्त तितकी प्रतिकारशक्ती जास्त. म्हणून साठ हजारची पुडी रोज घ्या, नको असेल ते लघवीवाटे निघून जातं. डी टीबीचे जंतू मारतं हे अमेरिकेत सिद्ध झालंय. सर्दी-ताप जवळ फिरकत नाही. बाहेर जाता येत नसेल तर बंद खिडकीतलं ऊन घ्या. डॉक्टर हे सांगणार नाहीत. शेवटी हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ पुढे पाठवा’.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. हाच विषय दरवर्षी मुलांना शिकवते, म्हणून आता गप्प बसवत नाही.

सगळ्यात आधी ते लघवीचं. माणसाला दवाखान्यात पोचवणारं वाक्य ते आहे. बी आणि सी ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, त्यांचं जास्तीचं बरंचसं लघवीतून जातं. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते, बहुतेक त्यावरूनच ही समजूत पसरली असावी. डी मात्र चरबीत विरघळतं आणि चरबीतच साठून राहतं. यकृतात त्याचं जे रूप तयार होतं, म्हणजे रक्ततपासणीत आपण जे मोजतो ते, निम्म्यावर यायलाच दोन-तीन आठवडे लागतात. रोज नवी पुडी पडत राहिली तर ते उतरणार कधी?

हिशेब करून बघा. आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट आणि रोजची वरची मर्यादा ४,००० युनिट. सत्तर पुड्या म्हणजे ४२ लाख युनिट. ६००च्या हिशेबाने हा एकोणीस वर्षांचा वाटा झाला. मावशीने तो सत्तर दिवसांत घेतला.

डीचं मुख्य काम आतड्यातून कॅल्शियम ओढून घेणं. ते बेसुमार झालं की रक्तात कॅल्शियम चढतं. मावशीला आधी बद्धकोष्ठ झालं, मग तहान. रात्री चार-चारदा उठायची, उशाशी दोन तांबे भरून ठेवायची. आम्हाला वाटलं, शुगर असेल. एका सकाळी तिने मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली आणि गॅसवर रिकामं पातेलं तसंच तापत ठेवलं. त्या दिवशी तिला ॲडमिट केलं. कॅल्शियम १३.८, जे साडेदहाच्या आत हवं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन दुप्पट. डीची पातळी यंत्राच्या मोजमापाच्या वर, रिपोर्टवर नुसतं ‘१५०पेक्षा जास्त’. पाच दिवस सलाइन चालू होतं. ‘नको असेल ते निघून जातं’ म्हणणाऱ्याने मूत्रपिंडं घायकुतीला आलेला तो रिपोर्ट वाचावा.

आता ‘इंधन’. पेशींचं इंधन म्हणजे ग्लुकोज, स्निग्धाम्लं, अमिनो आम्लं. डी यात कुठेच नाही. सक्रिय डी, म्हणजे एरवी मूत्रपिंडात बनणारं त्याचं काम करणारं रूप, हे संप्रेरकासारखं काम करतं: पेशीत त्याच्यासाठी एक ग्राहक-प्रथिन असतं, त्याला जाऊन चिकटतं आणि ती जोडी डीएनएवर बसून काही जनुकं चालू करते, काही बंद. म्हणजे पेशीला मिळतो तो निरोप. आणि तो निरोप दर वेळी ‘लढा’ असाच नसतो. टी पेशींच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच एका प्रकाराच्या, बाबतीत तो बऱ्याचदा ‘आवरा’ असा असतो, दाह वाढवणाऱ्या पेशी कमी आणि नियंत्रण ठेवणाऱ्या पेशी जास्त.

पेशीच्या चयापचयावर डीचा परिणाम होतो, हे मात्र खरं आहे. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी २०१५ साली डेंड्रिटिक पेशींवर ते दाखवलं. या पेशी म्हणजे टी पेशींना जंतूंची ओळख करून देणाऱ्या. सक्रिय डीच्या सान्निध्यात वाढवल्यावर त्या जास्त ग्लुकोज जाळू लागल्या, त्यांच्या मायटोकॉन्ड्रियांचं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचं, कामही वाढलं. मेसेज लिहिणाऱ्याला वाटेल, बघा, ताकद वाढली. पण एवढी साखर जाळून त्या पेशी झाल्या काय, तर सौम्य, टी पेशींना न चेतवणाऱ्या. ग्लुकोजचं ज्वलन रोखलं की हा सौम्यपणा टिकत नाही. शरीराने स्वतःवरच हल्ला करू नये यासाठी हे फार मोलाचं काम आहे. पण ‘जितकं जास्त तितकी प्रतिकारशक्ती जास्त’ याच्या ते बरोबर उलट जातं.

टीबीचा मुद्दा. इथे मला थोडं मान्य करावं लागेल. २००६ साली लॉस एंजेलिसमधल्या रॉबर्ट मॉडलिन यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये फार सुंदर काम प्रसिद्ध केलं. मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी. त्यांना टीबीच्या जंतूची चाहूल लागली की त्या रक्तातल्या साध्या डीपासून सक्रिय डी स्वतःच्या आत तयार करतात. त्यातून कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन बनतं आणि आत दडलेला जंतू मरतो. कमी डी असलेल्या रक्तद्रवात हे प्रथिन कमी बनलं, डी घातल्यावर वाढलं. वर्गात हा प्रयोग शिकवताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

पण तो पेशींवरचा प्रयोग होता. माणसांवरचा निकाल मंगोलियातून आला. तिथे टीबी भरपूर आणि मुलांमध्ये डीची कमतरता जवळपास सरसकट. टीबीचा संसर्ग नसलेली ८,८५१ शाळकरी मुलं निवडली. निम्म्यांना आठवड्याला १४,००० युनिट डी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी, तीन वर्षं. निकाल २०२० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. डी घेणाऱ्यांपैकी ३.६ टक्के मुलांना संसर्ग झाला, न घेणाऱ्यांपैकी ३.३ टक्के. रक्तातली पातळी वाढली, टीबी काही थांबला नाही. डीचा फायदा कुठे दिसायचाच असता तर तो या मुलांत दिसायला हवा होता.

आणि ज्याला आधीच टीबी आहे, त्याला तर ही पुडी मनाने देऊच नका. टीबीच्या गाठींमधल्या मॅक्रोफेज स्वतःच सक्रिय डी बनवत असतात आणि त्यांच्यावर मूत्रपिंडासारखा लगाम नसतो. काही रुग्णांचं कॅल्शियम त्यामुळे आपोआपच चढतं. सार्कॉइडोसिस नावाच्या आजारातही हेच होतं. त्यात वरून रोज साठ हजार?

सर्दी-तापाचं लवकर उरकते. २०१७ साली २५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात थोडा फायदा दिसला होता, मुख्यतः खूप कमतरता असलेल्यांत आणि तोही रोज किंवा आठवड्याला छोटा डोस घेतला तर. मोठ्या एकरकमी डोसांनी काही झालं नाही. २०२५च्या मोठ्या विश्लेषणात तो थोडा फायदाही ठामपणे सांगता येईल एवढा उरला नाही. बंद खिडकीतलं ऊन: त्वचेत डी बनवणारे यूव्हीबी किरण काच अडवते, त्यामुळे तिथे बसून घाम येईल, डी मिळणार नाही. आणि डॉक्टर सांगणार नाहीत म्हणे! मावशीला पहिली पुडी लिहून दिली ती डॉक्टरांनीच.

डीची कमतरता आपल्याकडे खूप आहे, हे मी नाकारत नाही. हाडं दुखत असतील, मुलाचे पाय वाकत असतील, तर तपासा आणि सांगितलेला डोस सांगितलेल्या दिवसांपुरता घ्या. पण हा मेसेज वाचून घरात कोणी रोज पुडी घेत असेल आणि तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, विसरभोळेपणा यातलं काही दिसत असेल, तर पुडी आजच बंद करा आणि कॅल्शियम, क्रिएटिनिन तपासून घ्या.

मावशी घरी आली आहे. कॅल्शियम उतरलंय, डीची पातळी अजून वरच आहे, पुढची तपासणी गुरुवारी. डब्यात उरलेल्या अकरा पुड्या मी काढून आणल्या. तो मेसेज तिने पुढे कोणाकोणाला पाठवला, त्याची यादी तिनेच मला सांगून लिहून घ्यायला लावली. नऊ जणी आहेत. सहा जणींना फोन झाले, तीन राहिल्यात.