सिलेक्टरमधलं 'सोनं' कळकतं कसं?

"जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या एका सिलेक्टरमधून तोळाभर सोनं निघतं. फोडा, नायट्रिक ॲसिडमध्ये टाका. नाहीतरी ते आता चालत नाही." हा मेसेज सध्या कोल्हापुरात भंगारवाल्यांपासून गुजरीतल्या सराफांपर्यंत फिरतोय. सिलेक्टर म्हणजे डायलवर फिरवलेल्या आकड्यानुसार कॉल पुढे जोडणारं एक्स्चेंजमधलं यंत्र. त्यातलं आणि त्याच्यासोबत ऐकू येणारं एकेक वाक्य तपासू.

"पिवळं दिसतं ते सोनं."
स्ट्रोजर (जुन्या यांत्रिक पद्धतीच्या) सिलेक्टरच्या बँकेत, म्हणजे जोडणीच्या पत्र्यांच्या संचात, दहा मजले आणि प्रत्येक मजल्यावर अर्धगोलात दहा जागा असतात. तिथले पिवळे पत्रे पितळेचे किंवा फॉस्फर ब्राँझचे. इथल्या पावसाळ्यात दोन-चार वर्षं पडून राहिलेली बँक पाहा, कडांना हिरवट कळंक दिसेल. सोनं कळकत नाही. रिलेच्या (विजेनं उघड-मिट होणाऱ्या स्विचच्या) पट्ट्यांच्या टोकांवरचे पॉइंट मात्र बहुधा चांदीचे, क्वचित प्लॅटिनमचे असतात. तो ठिपका ज्वारीच्या दाण्याहून लहान, गुंजभरही भरत नाही. बाकी वजन नरम लोखंडाचं आणि तांब्याच्या तारेचं. हुपरीच्या चांदी-कारागिराला विचारा, एवढ्याशा ठिपक्यांसाठी तो मूसही तापवणार नाही.

"नायट्रिकमध्ये सोनं सुटतं."
नुसत्या नायट्रिकमध्ये सोनं विरघळतच नाही. विरघळतं ते तांबं, लोखंड आणि ती चिमूटभर चांदी. वर जो तांबूस-तपकिरी धूर येतो तो विषारी. श्वासात गेला तर त्या वेळी फार काही जाणवत नाही, पण काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरू शकतं.

"बॅटरी लावली, हललं नाही. म्हणजे मेलेलं."
बॅटरी बहुधा इन्व्हर्टरची, 12 व्होल्टची. या यंत्राला साधारण 50 व्होल्ट डीसी लागतं. 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडा, 1 अँपियरचा फ्यूज घाला. एक्स्चेंजमध्ये पॉझिटिव्ह अर्थला असे, कारण तारा निगेटिव्ह राहिल्या की ओलीत तांबं कमी झिजतं. आधी मल्टिमीटरनं कॉइलचे ओहम मोजा आणि कॉइलवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा. मग शाफ्ट (मधला दांडा) वर उचलणाऱ्या उभ्या मॅग्नेटला बटणानं क्षणभर वीज द्या. शाफ्ट खट्दिशी एक मजला चढला पाहिजे. सात वेळा दाबलं की सातवा मजला. डायलवर 7 फिरवला की एक्स्चेंजमध्ये हेच होई, सेकंदाला दहा ठोक्यांच्या वेगानं. बटण दाबून धरू नका, कॉइल जळेल. बटणाच्या दोन टोकांमध्ये 200 ओहमचा रेझिस्टर आणि 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये लावले की ठिणगी पडून बटणाचे पॉइंट खाल्ले जात नाहीत.

शाफ्ट चढतो पण उतरत नाही, हे सगळ्यात जास्त दिसतं. उतरताना तो स्प्रिंगच्या आणि स्वतःच्या वजनाच्या जोरावर मूळ जागी येतो. जुनं तेल घट्ट होऊन डिंकासारखं झालं की मधेच अडकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, मग घड्याळाच्या तेलाचा एकच थेंब. गंजावर मारायचे स्प्रे नकोत; मागे राहणाऱ्या थरावर धूळ बसते.

"पॉइंट पॉलिश पेपरनं घासा."
चांदीचा ठिपका झिजतो आणि पेपरचे कण त्यात रुततात, ते वीज अडवतात. अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमधून दोनदा ओढा. पट्टीवर काळी रेघ उमटेल, ती चांदीवरची काजळी. तिसऱ्यांदा पट्टी कोरी निघाली की थांबा, आणि पट्ट्या वाकवू नका.